धुराचं वजन

पृथ्वीवर करून ठेवलेल्या घाणीची जबाबदारी माणसाने अखेर स्वतःच्या शिरावर घेतली, ही या शतकातली सर्वांत मोठी नैतिक घटना होय. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ही घटना रोज सकाळी साडेनऊला घडे. तिला चाळीस लिटर चहा लागे. बिनदुधाचा.

चहा पिण्यासाठी नव्हता. तो निळ्या पिंपात गार करून त्यात दोन फावडी माती कालवत. मग सहा बायका भोवती उकिडव्या बसून बिस्किटांची नवीकोरी वेष्टनं त्यात बुचकळत, चुरगळत आणि अंगणात पसरून पायांनी तुडवत. शेजारी मोहन साठये हातात फळी-कागद घेऊन उभे असत. घाण बेताची झाली की नाही, हे बघणं त्यांचं काम.

"फार झालं, फार झालं," ते म्हणत. "हे गटारातलं वाटतंय. कचराकुंडीतलं वाटायला हवं."

मोहनरावांचे वडील साठच्या दशकात चिपळूणहून भोपाळच्या मोठ्या सरकारी वीजयंत्रांच्या कारखान्यात आले आणि पुढे मोहनरावही तिथेच चिकटले. माल तपासणी खात्यात एकतीस वर्षं त्यांनी चांगल्या मालातले दोष शोधले. निवृत्तीनंतर अमित बुरहानपूरकरच्या प्लास्टिकच्या कारखान्यात ते चांगल्या मालात दोष घालू लागले. कार्डावर 'कम्प्लायन्स मॅनेजर' असं छापलेलं होतं. घरी त्याचा अर्थ कुणी विचारला नाही, हे त्यांच्या पत्नीचं, वसुधाताईंचं, मोठेपण.

नियम तसा सरळ होता. या देशात जो कोणी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वस्तू विकायला आणेल, मग तो परदेशातून का येईना, त्याने तेवढ्याच वजनाचं प्लास्टिक पुन्हा कामाला लावल्याचा दाखला सरकारी पोर्टलवर दाखवायचा. असे दाखले देणारे अमितसारखे परवानाधारक. पन्नी कुणाची, म्हणजे वेष्टन कुठल्या कंपनीचं, याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं. वजन भरलं की झालं. पण युरोपातल्या एका लहानशा, स्वच्छ देशातली 'हाव्रेल' नावाची बिस्किट कंपनी भारतात उतरली आणि तिच्या मुख्य कचेरीत कुणीतरी भावनाप्रधान माणूस बसलेला निघाला. त्याने माहितीपत्रकात छापून टाकलं की आमची प्रत्येक पन्नी आम्ही रस्त्यावरून परत उचलतो. काम अमितला मिळालं: वर्षाला चाळीस टन, फोटोसकट, आणि फोटोत हाव्रेलचं नाव वाचता आलं पाहिजे.

रस्त्यावर ती पन्नी सापडेना. अमितने शहरभरच्या कबाड्यांना, म्हणजे भंगारवाल्यांना, विचारलं. कबाडी हसले. चमकीची पन्नी कुणी वेचत नाही; दिवसभर वाकलं तर किलोभर जमते आणि तिला भाव नाही. तेव्हा अमितने दोन गल्ल्या सोडून असलेल्या छापखान्यात हाव्रेलची पन्नी छापून घ्यायला सुरुवात केली. ती ताजी छापलेली पन्नी टेंपोतून येई, चहात बुडे, कचरा बनून वाळे, फोटो काढून घेई आणि मग वितळायला जाई. तिच्यात बिस्कीट कधी गुंडाळलं गेलं नव्हतं, हा तिचा एकच दोष. तो फोटोत दिसत नसे.

वितळणी मागच्या शेडमध्ये होती. पन्नी आत गेली की पलीकडून काळे, जाड तक्ते बाहेर पडत आणि त्यांची बागेतली बाकडी होत. पन्नीत प्लास्टिक, त्यावर धातूचा मुलामा, त्यावर शाई, मध्ये गोंद. तापली की तिचा निळसर, गोडसर वासाचा धूर निघे आणि पत्र्याखाली कोंडून राही. यंत्राच्या तोंडाशी तीन बायका उभ्या असत. त्यांत मुख्य लीलावती, चार वर्षांपासून.

लीलावती मूळची पांढुर्ण्याकडची. त्या शेडमध्ये मोहनरावांशी मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत ते तिच्यापाशी दोन मिनिटं थांबत.

"भाऊ," ती एकदा म्हणाली, "घरी पोरीनं खरकटं ताट ठेवलं त मी बोंबलतो. अन् इथं सोन्यावानी पन्नी घान कराचा पगार घेतो. देव काय लिहीत असंन वरतं?"

"देवाकडे फोटो जात नाहीत," मोहनराव म्हणाले.

ती हसली आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत मोहनरावांचा डबा निवून गेला. आधी ती खोकत काम करी, मग काम थांबवून खोकू लागली, आणि त्या पावसाळ्यात यंत्राला हात टेकून खोकू लागली. यंत्र गरम असे.

मोहनराव अमितकडे गेले. अमित अडतीस वर्षांचा, मूळचा इंदूरचा, मनाने वाईट नाही. वाईट असायला लागतो तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता.

"अमित, वितळणीवर पत्र्याचं धुरांडं आणि धूर ओढणारा पंखा बसवायला हवा. लीलाबाईची छाती भरलीय."

"काका, भोपाळात राहून तुम्ही धुराचं सांगता? इथल्या लोकांनी काय काय पाहिलंय!"

"म्हणून तर सांगतो."

"बरं, असं करू. रिपोर्टात येऊ द्या ना. रिपोर्टात आलं की मी मंदिर पण बांधतो. तुम्हाला माहितीच आहे."

माहीत होतं. मागल्या तपासणीत कुणीतरी डोळे धुवायचं भांडं लिहिलं, ते आठ दिवसांत लागलं. कुणी जमिनीवर हिरवी पावलं लिहिली, ती रंगवली गेली. कुणी पाळणाघर लिहिलं, तर कारखान्यात एकही तान्हं मूल नसताना पाळणाघर झालं आणि त्याला कुलूपही लागलं. अमित लिहिलेलं सगळं करी. न लिहिलेलं तो पाप समजे. तेव्हा लीलावतीचा श्वास रिपोर्टातल्या एका ओळीवर आला होता, आणि ती ओळ लिहून घ्यायचं मोहनरावांनी मनाशी ठरवलं.

ऑगस्टात हाव्रेलच्या वतीने तपासणीला माणूस येणार म्हणून निरोप आला. आदल्या दिवशी अमितने खोकणाऱ्या बायकांना पगारी सुट्टी दिली. कारखान्याच्या इतिहासातली ती पहिलीच.

"पाहुण्यांसमोर खोकणं बरं दिसतं का, काका?"

तपासनीस म्हणून गोरा साहेब येईल अशी सगळ्यांची कल्पना होती. पुण्याच्या एका सल्लागार संस्थेतली सोनाली बेहेरे आली. वय तीस, पाठीवर पिशवी, हातात टॅब.

भोपाळातल्या मराठी माणसाला महाराष्ट्रातून आलेलं मराठी माणूस भेटलं की त्याचं काहीतरी होतं. पहिल्या वाक्यात तो गाव काढतो, दुसऱ्यात आजोळ, तिसऱ्यात नातं. चौथं वाक्य 'जेवायलाच या' हे असतं. सोनालीच्या आत्याचं सासर गुहागरचं निघालं. वसुधाताईंची मावशी गुहागरात होती. दोन्ही घरं एकाच आळीत असल्याचं ठरायला चार मिनिटं लागली. मोहनरावांना भरून आलं. आपल्या माणसाच्या कानावर घातलेलं वाया जात नाही, अशी त्यांची समजूत होती. एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीतही ती शाबूत राहिली होती.

दुपारी ते सोनालीला साकेत नगरातल्या आपल्या घरी घेऊन आले. त्याआधी तासभर लीलावती तिथे येऊन बसली होती.

"अहो," वसुधाताई स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात म्हणाल्या, "गहू निवडायला बोलावलंय म्हणालात, आणि गहू तर निवडलेलेच आणलेत! तिला मी काय करायला सांगू?"

"काही नको. बसू दे. खोकू दे."

भरली वांगी, कोशिंबीर, आमटी. सोनाली भुकेली होती. हॉटेलातल्या पनीरला कंटाळली होती. दुसरी पोळी घेताना आतून खोकला सुरू झाला. ती पोळी संपली तरी तो चालूच होता.

"काकू, आत कुणाला बरं नाहीये का?"

"आमच्याकडची आहे," मोहनराव म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडची. वितळणीवर असते. आज सुट्टीवर आहे."

सोनाली हात न धुताच उठून आत गेली. लीलावती ओट्याला टेकून बसली होती, पदर तोंडाशी.

"किती दिवस आहे हे, मावशी?"

"दोन बरसं झाले, ताई. रातचं झोपून नाई होत. पडलं का छातीवर कोनी बसल्यावानी वाटते. बसूनच ऱ्हातो."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हनते, चूल सोडा." ती दम खात थांबली. "माह्या घरी चूल नाई. साहेबाच्या इथं हाय, मोठी."

मग मोहनरावांनी सगळं सांगितलं. धूर सांगितला, नसलेलं धुरांडं सांगितलं, पगारी सुट्टी सांगितली. सांगण्याच्या भरात छापखाना सांगितला आणि चहाही सांगितला. आता आपली नोकरी गेली हे त्यांना कळत होतं. पण एकदा खरं बोलायला बसल्यावर त्यातलं निवडून काय ठेवायचं?

सोनालीने आता हात धुतले. "चहा होय! वास येत होता मला. परवा एका ठिकाणी शेण होतं, काका. चहा बरा."

"म्हणजे... ते तुम्ही लिहिणार?"

"माझ्या फॉर्मात पन्नी किती किलो, एवढंच आहे. कुणी घाण केली, हा रकानाच नाही."

"आणि धूर?"

तिने टॅब उघडला आणि बराच वेळ बोट वरखाली केलं. वसुधाताईंनी ताट उचललं, पुसलं, परत आल्या, तरी ती शोधतच होती.

"थेट असा नाहीये," ती शेवटी म्हणाली. "पण मी बसवते कुठेतरी. नक्की लिहीन, काका. शब्द देते."

निघताना तिने लीलावतीचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. वसुधाताईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. लोणचं बरणीसकट विमानात नेता येईल का, यावर दोघी पाच मिनिटं बोलल्या.

"हुशार हाय पोरगी," लीलावती म्हणाली. "लिहीन म्हनते."

सोनालीने शब्द पाळला. तीन आठवड्यांनी बेचाळीस पानांचा रिपोर्ट आला. एकतिसाव्या पानावर धूर होता. मोहनरावांनी उभ्याउभ्याच वाचला: वितळणीच्या वेळी मालाचा काही भाग धूररूपाने नाहीसा होतो, यास स्थानिक कर्मचाऱ्यांनी दुजोरा दिला, प्रक्रियेतील ही घट अकरा टक्के धरून दाखल्याच्या वजनातून वजा करण्यात यावी.

त्यांनी ते पुन्हा वाचलं, मग खाली बसून वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. धूर लिहायला जागा शोधता शोधता मुलीला ही एक सापडली होती, आणि तिने प्रामाणिकपणे तिथे तो भरला होता.

अमित केबिनमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसला होता.

"काका, स्थानिक कर्मचारी म्हणजे तुम्हीच ना? चार टन चारशे किलो गेला माझा. धुरात! आता भरून द्यावा लागेल." तो आकडे दाबत होता. "चार टन चारशे जादा वितळवलं, की त्याचाही अकरा टक्के धूर. तो भरायला आणखी. त्याचाही धूर. अरे, हे संपतच नाही की यार!"

"अमित, आता धूर लिहून आलाय. धुरांडं बसव."

"धूर लिहिलाय. धुरांडं कुठल्या पानावर आहे?"

मोहनरावांनी पानं चाळली. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ होती: कामगारांच्या आरोग्याची पाहणी स्वतंत्र पथकाकडून करण्यात यावी; प्रस्तावित महिना, फेब्रुवारी.

"बघा, वेगळे लोक येताहेत," अमित मोकळा होत म्हणाला. "ते धुरांडं लिहितील, की मी बसवीन. माझा शब्द. तोवर वितळणी दोन पाळ्यांत चालेल."

वितळणी दोन पाळ्यांत चालू लागली. पिंपं एकाची दोन झाली. मोहनरावांनी लीलावतीला यंत्रापासून काढून चहावर बसवलं. ते आठ दिवस टिकलं. नव्या बायकांना यंत्राचं तोंड सांभाळता येईना, पन्नी अडके आणि अडकलेली पन्नी जास्त धूर करी, म्हणजे जास्त घट. अमितने लीलावतीला परत मागे पाठवलं आणि पाळ्यांचा कागद सहीसाठी मोहनरावांपुढे ठेवला. मोहनरावांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी सही केली. नाही केली तर दुसरं कुणी करील आणि त्या दुसऱ्याला तिची काळजी नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हा युक्तिवाद फार जुना आहे आणि त्यावर बरेच कारखाने चालतात.

"फेब्रुवारीत येताहेत, लीलाबाई," ते रोज सांगत. "तेवढं काढा."

"फेब्रुवारी म्हंजे संक्रांतीच्या मांगून ना?" ती बोटं मोजे. "मंग होते. तवरिक होते."

घरी मोहनरावांना जेवण जाईना. "सोडून द्या ती नोकरी," वसुधाताई म्हणाल्या.

"मी सोडली तर फेब्रुवारीत त्या लोकांना शेड कोण दाखवणार?"

"आणि तिलाही सोडायला सांगा."

"सांगितलं. ती म्हणते, दुसरीकडे काय अत्तर वितळवतात?"

डिसेंबरच्या मध्यावर ती यंत्रापाशी खाली बसली आणि उठली नाही. मोहनरावांनी आपल्या गाडीत घालून तिला साकेत नगरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिची मुलगी रत्नप्रभा कॉलेजातून परस्पर आली. तरुण डॉक्टरने छातीचा फोटो उजेडाला धरला आणि हिंदीत विचारलं, बिडी? नाही. चूल? नाही. मग कसला धूर?

"प्लास्टिकचा."

"कुठल्या? त्यात काय काय आहे ते कळलं तर बरं होईल."

प्रश्न रास्त होता. छापखानेवाला म्हणाला, हाव्रेलच्या नमुन्याबरहुकूम, बाकी ठाऊक नाही. मोहनरावांनी त्याच संध्याकाळी हाव्रेलच्या कचेरीला मेल लिहिला: आपल्या वेष्टनाच्या शाईत आणि गोंदात नेमकं काय असतं, कळवावं, एका रुग्णाला हवं आहे. चार दिवसांनी अतिशय सभ्य उत्तर आलं. वेष्टनाची घडण हे कंपनीचं व्यावसायिक गुपित होतं. परंतु काळजीचं कारण नव्हतं. वेष्टन अन्नाच्या संपर्कासाठी पूर्णपणे सुरक्षित असल्याचा दाखला सोबत जोडला होता. मोहनरावांनी तो छापून डॉक्टरला नेऊन दिला. डॉक्टरने वाचला, त्यांच्याकडे बघितलं आणि लीलावतीच्या केसपेपरांत लावून ठेवला.

तिला नळीतून ऑक्सिजन लावला होता. बोलायची तेव्हा ती नळी बाजूला करी, आणि नर्स रागावे.

"भाऊ, संक्रांत झाली?"

"परवाच झाली."

"मंग आले असन ते लोक."

"येतील आता. पंधरा दिवस."

"त्याइले सांगजा," ती म्हणाली, आणि नळी परत लावेपर्यंत काय सांगायचं ते सांगायला दम उरला नाही.

एकोणीस जानेवारीला पहाटे ती गेली. बसल्या बसल्याच, आडवी तिला व्हायचंच नव्हतं. कारण म्हणून कागदावर फुप्फुसांचा आजार लिहिला होता, आणि ते बरोबर होतं. अमित अंत्ययात्रेला आला, शेवटपर्यंत थांबला, रत्नप्रभाच्या डोक्यावर हात ठेवून रडला. दुसऱ्या पाळीत वितळणीच्या तोंडाशी नवी बाई उभी होती. तिला लीलावतीचेच हातमोजे दिले होते. ते अजून चांगले होते.

मोहनराव फेब्रुवारीची वाट बघत राहिले. आता लीलावतीसाठी नव्हे, नव्या बाईसाठी. ती अजून खोकत नव्हती. त्यांनी शेडचा नकाशा काढला, धुरांड्याची जागा लाल शाईने दाखवली, पंख्याचं माप लिहिलं. जानेवारी संपेपर्यंत एकही मेल आला नाही. एकोणतीस फेब्रुवारीही गेली. पहिल्या मार्चला त्यांनी सोनालीला फोन लावला.

"काका! कसे आहात? काकूंचं लोणचं अजून पुरवून खातेय मी. मावशी बऱ्या आहेत का?"

त्यांनी सांगितलं. मग लगेच कामाचं विचारलं.

"सोनाली, ते आरोग्याचं पथक कधी येणार?"

"ते... रद्द झालं, काका. मी तुम्हाला कळवायला हवं होतं. सॉरी. हाव्रेलने जानेवारीतच भारत सोडला. आता इथे त्यांचं काही विकायला येतच नाही, तर त्यांच्यावर जबाबदारीही नाही. म्हणजे नियमाप्रमाणे."

"पण वितळणी तर चालू आहे."

"मागच्या वर्षाचा हिशेब पुरा होईपर्यंत चालेल ती. अमितसरांना माहितीये."

अमितला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मोहनरावांच्या टेबलापाशी आला. चहाची पिंपं आता लागणार नाहीत, ती धुऊन ठेवायला सांगा, म्हणाला. हाव्रेलचा शिल्लक माल नष्ट करायचं नवं काम मिळालं होतं आणि त्याचीच पन्नी उरलेल्या हिशेबात धरायची होती. माल करोंदच्या मंडीमागे एका गोदामात होता, मोजून यायला हवं होतं. मोहनराव गेले. पहारेकऱ्याने शटर वर केलं. आत छतापर्यंत खोकी होती. मोहनरावांनी हाताला लागलं ते एक फोडलं. आत बिस्किटांचे पुडे होते, ओळीने लावलेले, सीलबंद, चकचकीत पन्नीतले. सोबतच्या कागदाप्रमाणे भारतात आलेल्या एकूण मालापैकी तीन टक्के विकला गेला होता, म्हणजे तेवढीच काय ती पन्नी रस्त्यावर आली होती. बाकीच्याची मुदत मागच्या मे महिन्यात संपली होती.